यकृताच्या उष्णतोपचारावर मायक्रोवेव्ह प्रतिमेने नजर ठेवण्याचा प्रयोग कसा उभारावा

यकृतातील कर्करोगाची गाठ लहान असेल, म्हणजे साधारण ३ सेंटिमीटरपर्यंत असेल, आणि मोठी शस्त्रक्रिया रुग्णाच्या प्रकृतीला झेपणारी नसेल, तेव्हा त्वचेतून एक बारीक सुई थेट गाठीत घालून ती गाठ जागच्या जागी उष्णतेने मारण्याचा उपचार आज रूढ आहे. त्याला अ‍ॅब्लेशन म्हणतात. मायक्रोवेव्ह अ‍ॅब्लेशनमध्ये या सुईच्या टोकातून ९१५ मेगाहर्ट्झ किंवा २.४५ गिगाहर्ट्झ वारंवारतेची ऊर्जा बाहेर पडते आणि भोवतालच्या पेशी तापतात. तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर गेले की पेशी जवळजवळ तत्काळ मरतात. ५० अंशांच्या आसपास त्यासाठी काही मिनिटे जावी लागतात. गाठ तर मेलीच पाहिजे, पण तिच्या चारी बाजूंचा किमान ५ मिलिमीटर, शक्य तर १० मिलिमीटरपर्यंतचा निरोगी दिसणारा भागही मेला पाहिजे, कारण रोग पुन्हा उलटतो तो बहुधा या कडेवरून. थोडक्यात, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सुई तापलेली असताना एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते : मेलेला भाग आत्ता, या क्षणी, कुठपर्यंत पोहोचला आहे?

आपल्या भागात गुऱ्हाळ पाहिलेल्या कोणालाही या प्रश्नाचे महत्त्व कळेल. गुळव्याला काहील उघडी दिसते, फेस दिसतो, थेंब पाण्यात टाकून चाचणी घेता येते आणि तरीही पाक उतरवण्याचा क्षण नेमका साधायला वर्षांचा अनुभव लागतो. यकृत तर बरगड्यांखाली झाकलेले असते. सोनोग्राफीवर सुई छान दिसते, पण ऊती तापून वाफेचे बुडबुडे तयार झाले की पडद्यावर पांढरा ढग उमटतो आणि त्यामागची कडा झाकली जाते. सीटी स्कॅनवर चित्र स्पष्ट मिळते, परंतु दर मिनिटाला क्ष-किरण देता येत नाहीत. एमआरआयवर तापमान मोजता येते, मात्र त्यासाठी चुंबकीय क्षेत्रात चालणारी सुई, तसेच तिला ऊर्जा पुरवणारे जनित्र आणि तितका वेळ मोकळे असलेले यंत्र लागते. मायक्रोवेव्ह प्रतिमांकनाची कल्पना या पार्श्वभूमीवर पुढे आली : पोटाभोवती लहान अँटेना लावायच्या, त्यांतून अगदी क्षीण लहरी आरपार पाठवायच्या आणि उपचार चालू असताना त्या लहरींत पडणाऱ्या फरकावरून मेलेल्या भागाची वाढ रेखाटायची. ही पद्धत अजून संशोधनाच्या टप्प्यात आहे. रुग्णालयांत रोजच्या वापरात नाही. म्हणूनच प्रयोगशाळेत ती नीट समजून घेणारी माणसे हवी आहेत.

हा लेख सांगली, इस्लामपूर, कराड, सातारा या पट्ट्यातील अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना समोर ठेवून लिहिला आहे. मोठा निधी नसलेल्या प्रयोगशाळेत, टेबलावर, मटणाच्या दुकानातून आणलेल्या यकृतावर हा प्रयोग कसा उभा करावा, एवढाच त्याचा विषय आहे.

लहरींना नेमके काय दिसते

मायक्रोवेव्ह लहरींना कर्करोग दिसत नाही. त्यांना पाणी दिसते. ऊतीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे तिच्यातून जाताना लहर किती मंदावते हे ठरवणारा आकडा, मुख्यत्वे तिच्यातील पाण्यावर ठरतो. निरोगी यकृताचा हा स्थिरांक १ गिगाहर्ट्झला साधारण ४६ आणि २.४५ गिगाहर्ट्झला साधारण ४३ असतो. ऊती तापत जाते तसा तो आधी हळूहळू उतरतो आणि तापमान १०० अंशांच्या जवळ जाऊन पाण्याची वाफ होऊ लागली की तो एकदम कोसळतो. तव्यावर टाकलेली कलेजी आठवावी : आधी गडद तांबूस-जांभळा रंग जाऊन राखाडी होते, मग आकसते, शेवटी कोरडी पडून कडक होते. या तीनही अवस्था सुईभोवती एकात एक वलयांच्या रूपाने एकाच वेळी अस्तित्वात असतात आणि लहरींना सर्वांत ठळक दिसते ते आतले कोरडे वलय.

वारंवारता निवडताना दोन गोष्टींची ओढाताण असते. वारंवारता जितकी जास्त तितका तपशील बारीक, पण लहर तितकीच लवकर विरते. यकृतात १ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४.४ सेंटिमीटर होते आणि दर सेंटिमीटरला ती सुमारे २ डेसिबेल क्षीण होते (दर १० डेसिबेलला शक्ती दहापट घटते), २.४५ गिगाहर्ट्झला लांबी १.९ सेंटिमीटरपर्यंत कमी होते खरी, पण क्षीण होण्याचा वेग दर सेंटिमीटरला ४ डेसिबेलच्या वर जातो. शरीरात १० सेंटिमीटर खोल जाऊन परत यायचे तर दुसऱ्या पर्यायात ८० डेसिबेलहून अधिक सिग्नल केवळ वाटेत संपतो. म्हणून १ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे विद्यार्थ्यांना हमखास पडणारी शंका अशी, की अर्ध्या लहर-लांबीच्या नियमाने आपल्याला सुमारे २ सेंटिमीटरपेक्षा बारीक काही दिसणार नाही, मग ५ मिलिमीटरच्या कडेचे काय? याचे उत्तर या संपूर्ण प्रयोगाचा पाया आहे. आपल्याला अनोळखी वस्तू शोधायची नाही. सुई कुठे आहे हे ठाऊक आहे, तापण्यापूर्वीचे यकृत कसे होते हे मोजलेले आहे, आणि बदल फक्त सुईभोवतीच होणार आहे. तेव्हा यकृताचे चित्र काढू नये. यकृतात झालेल्या बदलाचे चित्र काढावे. समजा, लहरीच्या मार्गातील ऊतीचा स्थिरांक ४६ वरून ३० वर आला. १ गिगाहर्ट्झला अशा मार्गाची लांबी १ मिलिमीटरने वाढली, तर पलीकडे पोहोचणाऱ्या लहरीची फेज, म्हणजे तिच्या आंदोलनाचा अंशांत मोजलेला टप्पा, सुमारे दीड अंशाने बदलते. गणित सोपे आहे : ४६ आणि ३० यांच्या वर्गमुळांतील फरक १.३ भरतो, त्याला ३६० अंशांनी गुणावे आणि ३०० मिलिमीटर या हवेतील लहर-लांबीने भागावे. चांगला नेटवर्क अ‍ॅनालायझर (पाठवलेल्या आणि पलीकडे पोहोचलेल्या लहरीची तुलना करणारे यंत्र) अंशाच्या दशांशापर्यंतचा फेजबदल सहज दाखवतो. म्हणजे मिलिमीटरची वाढ कळू शकते, मात्र बाकी सगळे त्या दीड अंशाच्या आत स्थिर राहिले तर. पुढच्या जवळपास प्रत्येक सूचनेचे कारण हा दीड अंश आहे.

भांडे, अँटेना आणि द्रव

अ‍ॅक्रिलिकचे किंवा जाड प्लॅस्टिकचे गोल भांडे घ्यावे. त्याचा व्यास १२ ते १४ सेंटिमीटर ठेवला तर आरपारचा ऱ्हास आटोक्यात राहतो. २० सेंटिमीटरच्या भांड्यात केवळ द्रव आणि ऊती मिळून ४० डेसिबेल खातात, अँटेनांतील तोटा वेगळाच. भांड्याच्या आतल्या बाजूने, समान अंतरावर आठ अँटेना बसवाव्यात. अँटेनाचा प्रकार साधा असला तरी चालतो. सेमी-रिजिड कोअ‍ॅक्सिअल केबलचे बाहेरचे कवच टोकाकडून सव्वा ते दीड सेंटिमीटर सोलले की मोनोपोल, म्हणजे एकाच उघड्या तारेची अँटेना, तयार होतो. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या गटाने स्तनाच्या प्रतिमांकनासाठी २००० साली प्रसिद्ध केलेल्या उपकरणातही असेच साधे मोनोपोल द्रवात बुडवलेले होते. मोनोपोल हवेत वाईट वागतो, केबलच्या कवचावरून प्रवाह सरकतात आणि मोजमाप बिघडते. परंतु तोच लहर शोषणाऱ्या द्रवात बुडवला की हे नको असलेले प्रवाह आणि भांड्याच्या भिंतींवरून येणारे प्रतिध्वनी दोन्ही मरतात. थोडा सिग्नल गमावून स्वच्छता मिळवण्याचा हा व्यवहार फायद्याचा आहे.

द्रव म्हणून ग्लिसरीन आणि पाणी यांचे मिश्रण वापरावे. शुद्ध पाण्याचा स्थिरांक २५ अंशांना ७८ असतो, ग्लिसरीनचा त्याहून कितीतरी कमी; तेव्हा प्रमाण बदलत यकृताच्या आसपासचा आकडा साधता येतो आणि यकृताच्या पृष्ठभागावरून होणारे परावर्तन कमी होते. तयार कोष्टकावर विसंबून राहू नये, कारण बाजारातल्या ग्लिसरीनमध्ये पाण्याचे प्रमाण वेगवेगळे असते. सेमी-रिजिड केबलचे टोक सपाट घासून केलेला साधा प्रोब आधी हवेत, मग टोकाला धातूचा सपाट तुकडा दाबून, मग डिस्टिल्ड पाण्यात मोजून घ्यावा आणि त्याने प्रत्येक मिश्रण स्वतः तपासावे. मिश्रण ढवळल्यानंतर बुडबुडे निघून जाईपर्यंत, शक्यतो रात्रभर, झाकून ठेवावे. अँटेनाच्या टोकाला चिकटलेला हवेचा एक बुडबुडादेखील त्या अँटेनाची सगळी मोजमापे वाया घालवतो, म्हणून प्रत्येक वेळी टॉर्च लावून आठही टोके डोळ्यांनी पाहावीत.

आठ अँटेनांच्या ५६ जोड्या होतात. त्यांपैकी २८ खऱ्या वेगळ्या, कारण उलट दिशेने मोजले तरी उत्तर तेच येते. या जोड्या निवडण्यासाठी स्विच मॅट्रिक्स, म्हणजे अँटेना आळीपाळीने यंत्राला जोडणारा स्विचसंच, लागतो. निधी कमी असेल तर चार अँटेना कायम पाठवणाऱ्या आणि त्यांच्या अधेमध्ये चार कायम घेणाऱ्या ठेवाव्यात. तेव्हा चार मार्गांचे दोनच स्विच पुरतात आणि १६ जोड्या मिळतात. वाटेल ते झाले तरी हाताने केबल काढून दुसऱ्या अँटेनाला लावण्याची पद्धत स्वीकारू नये. ती पहिल्या दिवशी स्वस्त वाटते. पण जोडणी प्रत्येक वेळी तितकीच घट्ट बसत नाही आणि आपला दीड अंश तिथेच संपतो. जोडण्या टॉर्क पान्याने एकदाच आवळाव्यात आणि केबली टेबलाला पट्ट्यांनी बांधून टाकाव्यात.

मोजणीसाठी १०० डेसिबेल किंवा त्याहून अधिक व्याप्तीचा (व्याप्ती म्हणजे मोजता येणाऱ्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत क्षीण सिग्नलमधले अंतर) व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर मिळाला तर उत्तम. आपल्या भागातील बऱ्याच महाविद्यालयांत तो मायक्रोवेव्ह प्रयोगशाळेत असतो, फक्त वेळ मागून घ्यावा लागतो. काही हजार रुपयांत मिळणारा नॅनोव्हीएनए शिकण्यासाठी आणि लहान भांड्यासाठी उपयोगी आहे, परंतु वारंवारता वाढते तशी त्याची व्याप्ती घटते, हे ध्यानात ठेवून समोरासमोरच्या अँटेनांतील सिग्नल त्याच्या गोंगाटाच्या किमान २० डेसिबेल वर आहे ना, ते आधी पाहावे. पाठवण्याची शक्ती १ ते १० मिलिवॅट पुरते. यंत्राची आयएफ बँडविड्थ (ती जितकी अरुंद तितका गोंगाट कमी, पण मोजणी संथ) १०० हर्ट्झ ठेवल्यास २८ जोड्या आणि ५ वारंवारता यांची एक फेरी सुमारे दीड सेकंदात होते, शिवाय स्विचचा वेळ. दहा मिनिटे चालणाऱ्या उपचारासाठी हा वेग भरपूर आहे. वारंवारता निवडताना ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल पट्ट्यापासून दूर राहावे आणि प्रयोगाच्या खोलीत मोबाइल आणू देऊ नयेत.

कोरी फेरी

उष्णता न देता आधी एक मोजणी घेण्याची ही पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून मी तिच्यावर थोडे थांबतो. आमच्या पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, पडद्यावर भांड्याच्या मध्यभागी एक डाग दिसू लागला आणि तो दर मिनिटाला वाढत गेला. आकार गोल, वाढ हळूहळू मंदावणारी, सगळे पुस्तकात असते तसे. विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आजही आठवतो. अर्ध्या तासाने यकृत बाहेर काढून कापले तेव्हा ते आतपर्यंत कच्चे होते. हीटरची तारच निसटली होती आणि यकृत तापलेच नव्हते. मग कसला डाग वाढत होता? दुपारभर ३९ अंशांवर तापलेल्या खोलीच्या खिडक्या साडेपाचला कोणीतरी उघडल्या होत्या. केबली थंड होत गेल्या, त्यांची विद्युत लांबी बदलली, फेज सर्व जोड्यांत जवळपास सारखीच तीनेक अंश सरकली, आणि सर्व बाजूंनी सारखा बदल दिसला की गणित त्याचे खापर बरोबर मध्यावर फोडते.

त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे आणि तो आपणही ठेवावा. यंत्र चालू करून किमान तासभर तापू द्यावे. पंखा बंद करावा; त्याच्या वाऱ्याने केबली हलतात. सांगलीच्या उन्हाळ्यात हे त्रासाचे आहे, तेव्हा प्रयोग पहाटे सहा ते नऊ या वेळात घ्यावा किंवा खोली वातानुकूलित करून दोन तास स्थिर होऊ द्यावी. वीज यूपीएसवरून घ्यावी. शॉर्ट, ओपन, लोड आणि थ्रू या ज्ञात जोडण्या लावून यंत्राचे कॅलिब्रेशन केबलींच्या अँटेनाकडील टोकांना करावे. त्यानंतर सर्व मांडणी जशीच्या तशी ठेवून, उष्णता अजिबात न देता, प्रयोग जितका वेळ चालणार आहे तितका वेळ मोजणी घ्यावी आणि तिची प्रतिमा काढावी. ही कोरी फेरी. तिच्यात जो काही डाग दिसेल, ती त्या दिवशीची आपली चूक. खऱ्या प्रयोगात तेवढ्या मापाच्या बदलावर विश्वास ठेवू नये. कोऱ्या फेरीत फेज अर्ध्या अंशापेक्षा जास्त सरकली, तर त्या दिवशी यकृत आणायला कोणालाही पाठवू नये.

आधी फँटम, मग यकृत

यकृतावर जाण्यापूर्वी पाणी, ग्लिसरीन, थोडे मीठ आणि आगर यांचा फँटम, म्हणजे ऊतीची नक्कल करणारा गोळा, करावा. आगर किराणा दुकानात चायना ग्रास या नावाने मिळते. जिलेटिन टाळावे, कारण ते ३५ अंशांच्या आसपास विरघळू लागते आणि आमच्या मे महिन्यात टेबलावरच पाझरते. आगर ८५ अंशांच्या आसपासपर्यंत टिकते. फँटमच्या मध्यभागी १, २ आणि ३ सेंटिमीटर व्यासाची भोके ठेवून त्यांत आधी फँटमसारखाच द्रव आणि नंतर जास्त ग्लिसरीनचा, म्हणजे कमी स्थिरांकाचा द्रव भरावा. या दोन मोजमापांच्या वजाबाकीतून भोकाचा व्यास बरोबर येतो का, ते पाहावे. एक भोक मुद्दाम मध्यापासून ३ सेंटिमीटर बाजूला ठेवावे, म्हणजे मघाशी सांगितलेला मध्यभागी दिसणारा खोटा डाग ओळखता येईल.

यकृत बोकडाचे घ्यावे. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवावे, की कलेजी अख्खी हवी, चिरा न देता, पित्ताची पिशवी न फोडता काढलेली. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून, बर्फाच्या पेटीत ठेवून आणावी आणि शक्य तितक्या कमी तासांत वापरावी. पिशवीतच कोमट पाण्यात ठेवून तिचे तापमान ३७ अंशांवर आणावे. उघड्यावर ठेवल्यास वरचा थर सुकतो आणि आपण ज्याचे मोजमाप करणार ते पाणीच निघून जाते. बोकडाचे यकृत पातळ असल्यामुळे त्यात ३ सेंटिमीटरचा भाग बसत नाही. २ सेंटिमीटरचे लक्ष्य ठेवावे, आणि यकृताच्या वर-खाली त्याच स्थिरांकाचे आगर भरून घ्यावे. मध्ये हवेची फट राहिली तर ती प्रतिमेत यकृतापेक्षा ठळक दिसते.

उष्णता देणे

अ‍ॅब्लेशनचे जनित्र उपलब्ध नसेल तर घरगुती मायक्रोवेव्ह ओव्हन उघडून त्यातला मॅग्नेट्रॉन वापरण्याचा मोह कोणाला होऊ शकतो. तो कदापि करू नये. त्यातला कपॅसिटर बंद अवस्थेतही हजारो व्होल्टचा जीवघेणा धक्का देऊ शकतो आणि उघड्या मॅग्नेट्रॉनची शेकडो वॅटची लहर डोळ्यांना कायमची इजा करते. त्याऐवजी २४ व्होल्टवर चालणारा बारीक कार्ट्रिज हीटर स्टीलच्या नळीत बसवून, तापमान नियंत्रकाला जोडून, ११० अंशांवर ठेवावा. ही उष्णता केवळ वहनाने पसरते, त्यामुळे १ सेंटिमीटरपर्यंत पोहोचायला दहा-बारा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. प्रतिमांकन शिकण्यासाठी ही संथ गती उलट सोयीची आहे. हीटरची नळी आणि तिच्या तारा पहिल्या मोजणीपूर्वीच जागेवर बसवाव्यात आणि शेवटपर्यंत हलवू नयेत, म्हणजे वजाबाकीत धातूचा परिणाम बव्हंशी निघून जातो.

रुग्णालयाकडून किंवा कंपनीकडून खरे जनित्र मिळाले असेल तर दोन बंधने आहेत. सुईचे टोक ऊतीत पूर्ण रुतल्याशिवाय शक्ती सुरू करू नये. आणि ६० वॅट म्हणजे जवळपास ४८ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेतील डेसिबेल). एवढी शक्ती थोडीशी गळूनही नेटवर्क अ‍ॅनालायझरचे पोर्ट जाळू शकते. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे आळीपाळीने काम करणे : ३० सेकंद उष्णता, मग जनित्र बंद, स्विच मोजणीकडे, २ सेकंदांत एक फेरी, पुन्हा उष्णता. जनित्र चालू असताना अ‍ॅनालायझर अँटेनांपासून आपोआप तुटलेला राहील, अशी जोडणी स्विचमध्येच करावी. ते काम माणसाच्या आठवणीवर सोडू नये. शिवाय २.४५ गिगाहर्ट्झ अडवणारा लो-पास फिल्टर कायम मार्गात ठेवावा.

तापमान मोजण्यासाठी फायबर ऑप्टिक सेन्सर सर्वांत चांगला, कारण त्यात धातू नसतो. तो महाग आहे. थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमापक) वापरावा लागला तर तो अँटेनांच्या विद्युतक्षेत्राला काटकोनात घालावा, पहिल्या मोजणीपासून तिथेच ठेवावा, आणि जनित्र चालू असतानाचे त्याचे आकडे नोंदवू नयेत. सुईपासून ५, १० आणि १५ मिलिमीटरवर तीन सेन्सर पुरेत.

वजाबाकीतून प्रतिमा

प्रत्येक फेरीतील प्रत्येक जोडीच्या मोजमापातून उष्णतेपूर्वीचे मोजमाप वजा करावे. संख्या संमिश्र आहेत हे विसरून केवळ डेसिबेल वजा करण्याची चूक नव्या विद्यार्थ्यांकडून फार होते; फेज त्यातच फेकली जाते. हा फरक आणि भांड्यातील प्रत्येक बिंदूवरचा स्थिरांकाचा बदल यांना जोडणारे मॅट्रिक्स आपल्याला हवे. बदल लहान असतो तोवर बोर्न यांच्या सन्निकटनाने (लहान बदलाने भोवतालचे क्षेत्र बदलत नाही असे मानून) हे नाते सरळ रेषेचे मानता येते आणि मॅट्रिक्ससाठी लागणारी विद्युतक्षेत्रे ओपनईएमएस किंवा जीपीआरमॅक्स यांसारख्या मोफत प्रणालींत, बदल न झालेल्या मांडणीचे अनुकरण करून काढता येतात. हे काम प्रयोगापूर्वीच करून ठेवावे. प्रयोग चालू असताना मग फक्त गुणाकार उरतो आणि चित्र सेकंदाच्या आत पडद्यावर येते.

मॅट्रिक्स उलटवताना मात्र सावध राहावे. २८ मोजमापांतून हजारो बिंदूंची माहिती काढायची असल्यामुळे उत्तर एक नसते. मॅट्रिक्सच्या सिंग्युलर व्हॅल्यू (त्यातील प्रत्येक स्वतंत्र घटकाचे बळ दाखवणारे आकडे) उतरत्या क्रमाने लावून, गोंगाटाच्या पातळीखालच्या छाटून टाकाव्यात. किती ठेवायच्या, हे चित्र कसे दिसते यावरून ठरवू नये. ते कोऱ्या फेरीवरून आणि फँटमवरून एकदा ठरवून, यकृताच्या प्रयोगात बदलू नये. चित्र सुंदर होईपर्यंत आकडा फिरवत बसणे ही स्वतःची फसवणूक आहे, आणि येथे तिची किंमत पुढे कोणा रुग्णाला मोजावी लागू शकते. बदल मोठा झाल्यावर, म्हणजे ऊती सुकू लागल्यावर, सरळ रेषेचे नाते तुटते. तेव्हा एकदम पहिल्या मोजमापाशी तुलना न करता, मधल्या टप्प्यावरील अंदाजित स्थिती नवा पाया धरून क्षेत्रे पुन्हा काढावीत.

कापून पाहणे

प्रयोग संपताच यकृत सुईच्या रेषेतून उभे कापावे. सुरी धारदार हवी, ओढून कापले की कडा फाटते. आत नळीच्या लगत काळपट, जळका पट्टा दिसतो; त्याबाहेर फिकट, घट्ट, शिजलेला भाग; आणि शेवटी लालसर कच्चे यकृत. शेजारी स्टीलची पट्टी ठेवून दिव्याच्या एकाच प्रकाशात छायाचित्र घ्यावे आणि काळा पट्टा व फिकट भाग यांचे व्यास वेगवेगळे लिहावेत. हे दोन आकडे वेगळे लिहिणे अत्यावश्यक आहे, कारण प्रतिमेतील कडा बहुतेकदा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडते. लहरींना कोरडे झालेले यकृत ठळक दिसते; ६० अंशांवर मेलेले पण अजून ओलसर असलेले बाहेरचे वलय अंधुक दिसते, आणि डॉक्टरांना हवी असते ती नेमकी हीच बाहेरची कडा. या पद्धतीपुढील सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे. शिवाय तापलेली ऊती आकसते, म्हणून कापून मोजलेला व्यास मूळ ऊतीच्या व्यासापेक्षा लहान असतो. तुलना करताना दोन टाचण्या ठरावीक अंतरावर आधीच टोचून ठेवाव्यात, पण त्या प्लॅस्टिकच्या असाव्यात.

जिवंत शरीरात आणखी दोन गोष्टी घडतात, ज्या टेबलावर घडत नाहीत. ३ मिलिमीटरहून जाड रक्तवाहिनी जवळ असेल तर वाहते रक्त उष्णता वाहून नेते आणि मेलेल्या भागाला त्या बाजूने खाच पडते. बोकडाच्या निर्जीव यकृतात ती दिसणार नाही. त्यातून पातळ नळीने पाणी वाहते ठेवून तिचे अनुकरण करता येते आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हा प्रयोग जरूर द्यावा. दुसरी गोष्ट श्वास. प्रत्येक श्वासाबरोबर यकृत एक ते दोन सेंटिमीटर वर-खाली सरकते, म्हणजे आधीचे आणि नंतरचे मोजमाप एकाच जागेचे राहत नाही. श्वासाच्या एकाच टप्प्यावर मोजणी घेणे हा त्यावरचा उपाय आहे. टेबलावर तो तपासायचा तर भांड्यातील यकृत लहान मोटरने ठरावीक गतीने सरकवावे आणि त्याच टप्प्यावर मोजावे. माणसावर वापराचा विचार मात्र संस्थेच्या नैतिकता समितीची आणि वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली लागणारी परवानगी हाती असल्याशिवाय करू नये.

या प्रयोगाचे निकाल घेऊन मिरजेला अवश्य जावे. सांगलीच्या विश्रामबागेपासून मिरज काही किलोमीटरवर आहे, १८९४ मध्ये मिशनरी डॉ. वानलेस यांनी तेथे रुग्णालय सुरू केल्यापासून शेजारच्या कर्नाटकातूनही रुग्ण त्या गावात उपचारांना येत आले आहेत, आणि यकृतात सुई घालणारे रेडिओलॉजिस्ट या भागात भेटतात. त्यांना भेटताना रंगीत चित्रे नेऊ नयेत. एका पानावर कापलेल्या यकृताचे मूळ मापाचे छायाचित्र घ्यावे, त्यावर सुईची जागा दाखवून काळ्या पट्ट्याची कडा, फिकट भागाची कडा आणि आपल्या प्रतिमेने दाखवलेली कडा अशा तीन रेषा काढाव्यात, शेजारी कोऱ्या फेरीतील चूक मिलिमीटरमध्ये लिहावी, आणि विचारावे, की यांपैकी कोणत्या रेषेवर आपण सुई थांबवली असती.